हृदयाच्या पडद्याला छिद्र असलेल्या बाळांच्या आशाताईंना

आशाताईंनो, सप्रेम नमस्कार.

पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत हृदयाच्या पडद्याला छिद्र दिसलं की घरचे हबकतात. गडचिरोली-यवतमाळच्या टोल्या-पोडांवर, म्हणजे आदिवासी वस्त्यांवर, त्या घरी आधी तुम्ही पोचता. त्यासाठी हे आभारपत्र.

तुम्ही घरच्यांना छिद्राची जागा समजावता. खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याच्या मांसल भागात एकच बारीक छिद्र असेल, तर ते बहुधा आपोआप बुजतं. काही पोटातच, बरीचशी पहिल्या दोन वर्षांत. चारही कप्प्यांच्या मधला भागच नीट तयार झाला नसेल, म्हणजे एव्हीएसडी असेल, तर ऑपरेशन लागतंच. त्यातल्या साधारण निम्म्या बाळांना डाउन सिंड्रोम असतो, म्हणून गुणसूत्रांची तपासणी सुचवतात. वरच्या दोन कप्प्यांमधली वाट तर पोटात प्रत्येकच बाळाची उघडी असते. तिचं काय ते जन्मानंतर कळतं.

लेक बाळंतपणाला माहेरी जाते आणि सोनोग्राफीचा कागद सासरी राहतो. तो तुम्ही माता-बाल संरक्षण कार्डाला टाचून देता, हे फार मोलाचं. कारण पहिल्या आठवड्यात बाळ गुलाबी दिसतं, दूध पितं, हृदयाच्या ठोक्यांत जादा आवाज (मर्मर) नसतो, पल्स ऑक्सिमीटर ९५च्या वर. सगळे म्हणतात, बुजलं छिद्र! पण फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या तेव्हा आवळलेल्याच असतात, म्हणून मोठ्या छिद्रातूनही रक्त फारसं पलीकडे जात नाही. चार ते सहा आठवड्यांत त्या सैल पडतात आणि रक्त फुप्फुसात लोटू लागतं.

तुमच्या गृहभेटी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी. त्यानंतरची थेट तिसऱ्या महिन्यात. बाळ खालावतं ते बरेचदा याच मधल्या काळात. वेळापत्रकात नसताना, कापूस वेचणीच्या दिवसांतही तुम्ही तेव्हा जाऊन येता. सगळ्यात जास्त आभार त्या भेटींचे.

बाळ शांत झोपलेलं असताना तुम्ही पूर्ण एक मिनिट श्वास मोजता. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, पुढे वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, म्हणजे श्वास वेगवान. ताप-खोकला नाही तरी पोट उडतंय, दूध ओढताना कपाळावर घाम येतो, वजन दिवसाला २० ग्रॅमही वाढत नाही. ही हृदयावर ताण आल्याची लक्षणं, पण यालाच न्यूमोनिया समजून पुन्हा पुन्हा अँटिबायोटिक दिलं जातं. मेळघाटात फुगलेल्या पोटावर चटके देतात. ते पोट कधी सुजलेल्या यकृताचं असतं. वजनाचा दोष आईच्या दुधाला लावून पावडरचं पातळ दूध सुरू होतं, तेही तुम्ही थांबवता: थोडा वेळ अंगावर, बाळ थकलं की उरलेलं काढून वाटी-चमच्याने. अंगातलं जास्तीचं पाणी काढणाऱ्या लघवीच्या औषधासाठी सिरिंजवर डॉक्टरांनी लिहिलेल्या मापाशी चिकटपट्टीची खूण करून देता.

एव्हीएसडीचं ऑपरेशन साधारण तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात व्हायला हवं. उशीर झाला तर फुप्फुसाच्या रक्तवाहिन्या कायमच्या जाड होतात आणि मग छिद्र बुजवणंच धोक्याचं ठरतं. फसवं असं, की त्या जाड होऊ लागल्या की रक्ताचा लोट कमी होतो, श्वास मंदावतो, बाळ वजन धरतं. “आता बरं हाय, कायले नेता नागपूरले?” असं आजी म्हणते तेव्हा तुम्ही तिला हे सगळं समजावता आणि बाळाला इकोसाठी, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीसाठी, गाडीत बसवता.

तुमचे कृतज्ञ,
बाल आरोग्य तपासणी पथक