स्टॉलवर बसण्यापूर्वी

सासवड

चि. लेकीस अनेक उत्तम आशीर्वाद.

पुढच्या महिन्यापासून जेजुरी रस्त्यावरचा आपला स्टॉल तू सांभाळणार आहेस, हे तुझ्या आईकडून कळल्यापासून मनाला मोठे समाधान वाटते आहे. फोनवर अर्धे बोलणे गाड्यांच्या आवाजात जाते आणि उरलेले गिऱ्हाईक आले म्हणून राहून जाते, म्हणून हे लिहूनच कळवतो. बागेचे शास्त्र तू शिकून आली आहेस आणि त्यात मी भर घालावी असे फार थोडे आहे. गिऱ्हाइकाविषयी मात्र सांगायचे आहे, कारण ते मला स्वतःलाच फार उशिरा कळले.

आपली बरीच वर्षे गुलटेकडीच्या मार्केट यार्डात माल पाठवण्यात गेली. गाडी भरून दिली की फळाचा आणि आपला संबंध संपत असे. दुसऱ्या दिवशी हातात विक्रीच्या हिशेबाची पट्टी येई, तिच्यावर भाव, हमाली, तोलाई असे आकडे असत. पण ते सीताफळ कोणाच्या घरी गेले आणि कसे लागले, हे सांगणारे कोणी नसे. २०१६ साली राज्य सरकारने फळे आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून वगळला, तेव्हा गावात जो तो थेट विक्रीविषयी बोलू लागला आणि आपणही पुढच्या हंगामात रस्त्याकडेला चार बांबू रोवून ताडपत्री बांधली. दोन पैसे जास्त मिळतील, एवढीच तेव्हा माझी अपेक्षा होती.

दुसऱ्या वर्षीच्या नवरात्रात उपवासामुळे मागणी एकदम वाढली आणि मी घाई केली. सालीवरचे डोळे पुरते उघडून मधल्या भेगा पिवळसर-पांढऱ्या दिसू लागल्याशिवाय सीताफळ तोडायचे नाही, हे ठाऊक असूनही विहिरीकडच्या दोन ओळी मी तीन-चार दिवस आधीच तोडून घेतल्या. त्या रविवारी जेजुरीहून परतणाऱ्या हडपसरच्या एका बाईंनी तीन किलो फळे नेली. पुढच्या रविवारी त्या पुन्हा थांबल्या, कापडी पिशवीतून सहा फळे काढली आणि एकेक करून काट्याच्या ताटलीवर ठेवली. फळे काळी पडली होती आणि दगडासारखी टणक होती. त्या भांडल्या नाहीत. "सासूबाईंना दात नाहीत, एवढे एकच फळ त्यांना नीट खाता येते, म्हणून मुद्दाम तुमच्याकडे थांबले होते," इतकेच म्हणाल्या.

मी काय उत्तर दिले ते आज लिहितानाही मला लाज वाटते. कच्चे सीताफळ फ्रिजमध्ये ठेवले तर काळे पडते हे खरे आहे, आणि त्याचाच आधार घेऊन तुम्हीच ती फ्रिजमध्ये ठेवली असतील, असे मी त्यांना म्हणालो. त्यांनी ती गव्हाच्या डब्यात ठेवली होती. तुझ्या आईने त्यातले एक फळ सुरीने मधोमध कापले, आतला पांढरा, करकरीत गर मला दाखवला आणि त्यांना सरळ सांगितले की, चूक आमची आहे, फळ कोवळे तोडले गेले. तिने सगळे पैसे परत केले आणि त्याच रात्री खाता येतील अशी तीन फळे त्यांच्या पिशवीत ठेवली. संध्याकाळी मी तिच्यावर रागावलो. सकाळी मात्र त्या ओळीत गेलो, झाडावर राहिलेल्या फळांच्या भेगा अजून हिरव्याच होत्या, आणि मग बोलायला काही उरले नाही.

तेव्हापासून तोड्याची वही आहे. कोणत्या ओळीतला माल कोणत्या दिवशी तोडला, हे रोज लिहायचे, आणि तक्रार आली की त्याच पानावर तीही नोंदवायची. तीन वेगळी कॅरेट तुझ्या आईची कल्पना आहे. गिऱ्हाईक आले की ती आधी किती हवे हे विचारत नाही, कधी खायचे आहे हे विचारते, आणि त्याप्रमाणे आजच्या, परवाच्या किंवा चार दिवसांनंतरच्या कॅरेटमधून फळ काढते. मुंबईला जाणाऱ्याला मऊ झालेले फळ देऊ नकोस, त्याने कितीही हट्ट धरला तरी. फळे दाबून पाहणाऱ्यांवर चिडूही नकोस. एक पिकलेले आणि एक कच्चे फळ पुढे ठेव आणि दोन्ही त्यांच्या हातात दे. भंडाऱ्याची पिवळी बोटे फळावर उमटली तर ते पुसून बाजूला ठेवायचे, बोलून दाखवायचे नाही.

अंजिराचे अधिक सांभाळावे लागते. सीताफळ घरी पिकते, पण अंजीर झाडावरून तोडल्यावर गोड होत नाही आणि एक-दोन दिवसांत उतरते. नागपूरला नेण्यासाठी चार डबे मागणाऱ्या एका गृहस्थांना मी नाही म्हटले होते. ते नाराज होऊन गेले, तरी आज पुन्हा तसेच सांगेन. पुरंदरच्या अंजिराला भौगोलिक मानांकन आहे, त्यामुळे लोक "इथलेच ना?" असे विचारूनच घेतात. ज्या वर्षी अवकाळी पावसाने आपला मिठा बहार, म्हणजे अंजिराचा उन्हाळी हंगाम, गेला, त्या वर्षी बाहेरचा माल आणून स्टॉल चालू ठेवण्याचा सल्ला मला अनेकांनी दिला. आपण स्टॉल बंद ठेवला आणि ते वर्ष फार ओढाताणीचे गेले, हे तुझ्यापासून मी लपवत नाही. तुझ्यावर तशी वेळ आली तर तूही बंदच ठेव. घरखर्चाचे आपण मिळून पाहू.

काट्याचे तोंड गिऱ्हाइकाकडे असू दे, आणि वैधमापन खात्याचा शिक्का दर वर्षी वेळेवर करून घे.

हडपसरच्या त्या बाई अजूनही हंगामात जेजुरीहून परतताना थांबतात. त्यांच्या सासूबाई आता खूप थकल्या आहेत. बाई आल्या की आजच्या कॅरेटमधली चार मोठी फळे वेगळी काढून दे. त्यांना कधी खायचे आहे हे विचारू नकोस, ती त्याच रात्री लागतात.

तुझे,
बाबा