देपालपूर रस्त्यावरच्या दूधवाल्या काकांना

काका, नमस्कार.

हे पत्र अण्णाचा मुलगा तुम्हाला हिंदीत समजावून सांगेल.

अण्णा गेला. रक्त फार गेलं होतं. पण इंदूरला पोचेपर्यंत त्याच्यात जीव होता, आईने कपाळावर हात ठेवला तेव्हा त्याने डोळे उघडले. एवढं तरी तिला मिळालं ते तुमच्यामुळे.

तुमच्या आधी तिथे माणसं नव्हती असं नाही. गाड्या थोड्या हळू होऊन निघून गेल्या. पोरं व्हिडिओ काढत होती. अण्णाला ठोकणारा पिकअपवाला इतका प्यायला होता की दार धरूनही उभा राहू शकत नव्हता, म्हणे लग्नाहून येत होता. त्या अवस्थेत त्याला चावी घेऊ देणारे मांडवात किती जण असतील! आणि जवळची पोलीस चौकी हद्द कुणाची यावर वाद घालत होती.

तुम्ही दुधाचे कॅन उतरवलेत, मोटारसायकल रस्त्यात आडवी लावलीत आणि डोक्याचा साफा सोडलात. अर्ध्याने अण्णाची मांडी आवळून बांधलीत, उरलेला त्याच्या अंगावर पांघरलात, कारण कपडे फाटले होते आणि मोबाईल चालूच होते. माळव्यातला तुमच्या वयाचा माणूस चारचौघांत साफा उतरवत नाही, हे इथे वाढलेल्या मला सांगायला नको. त्या साफ्यामुळे आज माझा भाऊ कुणाच्या फोनमध्ये उघडा पडलेला नाही. हे ऐकलं तेव्हा आई पहिल्यांदा रडली, तोवर ती नुसती बसून होती.

सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2016 मध्ये महामार्गांपासून 500 मीटरच्या आत दारूची दुकानं नकोत असा आदेश दिला. गावच्या रस्त्याला तोही नाही. तिथे ना दिवा, ना रात्री कुणी अडवून तोंडाचा वास घेणारं. 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल म्हणजे गुन्हा, पण मोजायला कुणी उभं तर हवं.

मदत करणाऱ्यावर स्वतःचं नाव सांगायची सक्ती करता येत नाही, मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर 2020 मध्ये ते नियमांतच आलंय. तुम्ही मात्र नाव, गाव, सगळं सांगितलंत, वर साक्षीला येईन म्हणालात. अशी माणसं आहेत म्हणून रात्री घरचं माणूस बाहेर असताना डोळा लागतो, काका.

नासलेल्या दुधाचे पैसे तुम्ही घेत नाही असं कळलं. तेरावं झालं की आम्ही येतोय. आईचे गुडघे दुखतात, तरी तीही येणार. क्लॉथ मार्केटमधून साफा ती स्वतः निवडणार आहे, त्याला तेवढं नाही म्हणू नका.

तुमची,
अण्णाची धाकटी बहीण
लोकमान्यनगर, इंदूर