यादी ठीक, कपाट कोण बघणार?

संपादक महोदय,

जागतिक आरोग्य संघटनेने अत्यावश्यक औषधांची पहिली यादी १९७७ मध्ये काढली, दर दोन वर्षांनी ती सुधारतात पण, तेव्हा यादीच नाही ही सबब चालणार नाही. प्रश्न खेड्यातल्या दवाखान्याच्या कपाटाचा आहे. तपासायला येणारे साहेब रजिस्टर बघून टिक मारतात. आता ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन २ ते ८ डिग्रीत ठेवावं लागतं, फ्रिज बंद पडला असेल तर कागदावर स्टॉक फुल्ल आणि बाळंतिणीचं रक्त थांबवायची वेळ आली की त्यात दमच उरलेला नसतो. जुलाबावरचं ओआरएस असतं, पण त्याच्यासोबत द्यायच्या झिंकच्या गोळ्या संपलेल्या. त्यामुळे अँप्युल (इंजेक्शनची काचेची कुपी) हातात घेऊन एक्स्पायरी वाचा, फ्रिजचा थर्मामीटर बघा, आणि काय किती दिवस संपलेलं होतं ते नर्सबाईंना विचारा, साहेबांना नको.

– एक वाचक