निपाणीच्या घराबद्दल

चि. अमेय,

अनेक आशीर्वाद.

घर उतरवताना माळ्यावर जुन्या चिठ्ठ्यांचं बोचकं निघालं. मामाने फोटो पाठवल्यापासून तुझं एकच, "आजोबा डॉन होते का गं?" माझे अप्पा डॉन नव्हते रे बाबा. दिवसा तंबाखूच्या वखारीत दिवाणजी, संध्याकाळी आपल्याच सोप्यात मटक्याची चिठ्ठी फाडणारे एजंट. एवढंच.

डॉन मुंबईत. न्यूयॉर्कहून येणाऱ्या कापसाच्या भावावर तिथे आधी सट्टा चाले. तो बंद पडल्यावर १९६२ मध्ये कल्याणजी भगतने आणि १९६४ मध्ये रतन खत्रीने आपापला मटका काढला. पत्त्यांच्या कॅटातून तीन पानं ओढायची, बेरजेतला शेवटचा आकडा तो ओपन. पुन्हा तीन, तो क्लोज. दोन्ही मिळून जोडी. मुंबईत आकडा फुटला की ट्रंक कॉलने निपाणीत. सोप्यातली गर्दी, चहा, हशा मला अजून आठवतो. लहानपणी मला ती रोजची जत्राच वाटायची. इकडे कर्नाटकात धाड पडणार अशी कुणकुण लागली की चिठ्ठ्या कागलला, म्हणजे महाराष्ट्रात. सीमाप्रश्नाचा आमच्या घराला झालेला हा एकमेव फायदा!

आता तुझ्या इंजिनिअरिंगच्या डोक्याने हिशेब कर. आकडे दहा, आणि रुपयाला मिळणार नऊ. जोड्या शंभर, भाव नव्वदचा. म्हणजे सरासरीने दर रुपयातले दहा पैसे मटकेवाल्याचे. अप्पांना त्यातलं कमिशन. लावणारे कोण? विड्या वळणाऱ्या बायकांचे नवरे. हजार विड्यांमागे मिळालेली मजुरी बाईच्या हातून सुटून आमच्या सोप्यात यायची. पुढे आणीबाणीत खत्री तुरुंगात गेला, तरी चिठ्ठ्या थांबल्या नाहीत. माझ्या बी.एड.ची फी त्यातूनच भरली असणार. अप्पा वाईट होते असं मी म्हणणार नाही, पण त्यांच्या गमतीजमती करून मित्रांना ऐकवाव्यात हेही मला पटत नाही.

बोचकं मामाकडेच राहू दे. आणि आत्तीला, म्हणजे अप्पांच्या बहिणीला, फोनवर यातलं काही विचारू नकोस. तिच्या लग्नातले गोठ-पाटल्या तिच्या नवऱ्याने याच चिठ्ठ्यांवर घालवल्या, आणि त्या फाडणारा तिचा सख्खा भाऊ होता.

तुझी,
आई