पाटी लावून पूर्वग्रह धुतला जात नाही

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मालिकेतले एखादे पात्र दुसऱ्या समाजाबद्दल वा स्त्रियांबद्दल विखारी बोलले की वाद दोनच मागण्यांवर येऊन थांबतो: संवाद कापा, नाहीतर 'निर्माते या मतांशी सहमत नाहीत' अशी पाटी लावा. दोन्हींनी काही साधत नाही. पूर्वग्रह संवादात असतो, त्याला मिळणारी मान्यता मात्र दृश्याच्या मांडणीत असते.

अमेरिकेत १९७१ साली सुरू झालेल्या 'ऑल इन द फॅमिली' या विनोदी मालिकेचा उद्देश तिच्यातले मुख्य पात्र आर्ची बंकर याच्या वर्णद्वेषाची टर उडवण्याचा होता. विडमार आणि रोकीच या संशोधकांच्या १९७४ च्या अभ्यासात मात्र असे आढळले, की ज्यांच्या मनात मुळातच पूर्वग्रह होता त्या प्रेक्षकांना आर्चीचेच म्हणणे पटत होते. हशा टोमण्याच्या चटकदारपणावर येतो तेव्हा प्रेक्षक बोलणाऱ्याचा साथीदार होतो. हशा बोलणाऱ्याच्या अज्ञानावर यायला हवा, आणि हे लिहिणे फार कठीण आहे.

त्यामुळे टाळीचे वाक्य अशा पात्राला देऊच नये. लो अँगल (खालून वर रोखलेला कॅमेरा), स्लो मोशन आणि चढते पार्श्वसंगीत मिळाले की खलनायकही नायक वाटतो. वाक्य संपताच ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर कट घ्यावा आणि दोन-तीन सेकंद संगीताशिवाय तिथेच थांबावे. प्रत्युत्तर पुढच्या भागासाठी राखून ठेवू नये. मोबाइलवर फिरते ती तीस सेकंदांची क्लिप, आणि तिच्यात ते नसतेच. प्रत्युत्तर म्हणजे भाषण नव्हे; भाषणाने दृश्य मरते. नाकारलेले भाड्याचे घर किंवा हातची गेलेली नोकरी दाखवली की पुरते. ज्याच्यावर हे बेतते त्यालाही स्वतःच्या इच्छा, राग, विनोद हवेत. नुसते सोसणारे पात्र म्हणजे दुसरा पूर्वग्रहच.

पूर्वग्रहदूषित पात्र राक्षस केले तरी नेम चुकतो. 'मी असा नाही' म्हणत प्रेक्षक सुटतो. त्या माणसाची भीती आणि त्याचा स्वार्थ दिसायला हवा. शेवटी अपघात घडवून त्याला शिक्षा देणे ही तर पळवाट आहे.

रफ कट, म्हणजे पहिले कच्चे संकलन, एकदा आवाज बंद करून पाहावा. नुसत्या चित्रात विखारी बोलणाराच रुबाबदार दिसत असेल, तर दोष संवादाचा नाही. मग ज्यांच्याबद्दल बोलले गेले आहे त्या समाजातल्या काही जणांना रफ कट दाखवावा, आणि तोही संकलन लॉक, म्हणजे अंतिम, होण्यापूर्वी. त्यानंतर हाती फक्त पाटी उरते.

आपला,
एक पटकथालेखक