रविवारची सायकल फेरी: निघण्याआधी एवढं वाचा

सर्व सभासदांना राम राम.

मुलांच्या मानसिक उपचारांच्या निधीसाठी येत्या रविवारी फेरी आहे. सकाळी साडेपाचला सेवाग्राम आश्रमासमोर जमायचं, उजाडताच पवनारकडे निघायचं. ऊन अंगावर घेण्यात काही मर्दुमकी नाही.

देणगी किलोमीटरमागे ठरवून घ्या, पण रोख हातात आल्याशिवाय पावती फाडू नका. पैसे कशाला, असं लोक विचारतीलच. पोराला तपासणीला न्यायचं म्हणजे एसटीचं भाडं आणि आईची कापूस वेचणीची मजुरी, दोन्ही जातात. दोन खेपा होतात, तिसरीला घरचे थांबतात. हा खर्च आपण उचलणार आहोत.

मागताना कुठल्याही लेकराचं नाव, गाव, फोटो वापरायचा नाही. बाप गेल्यावर बोलेनासं झालेलं पोरगं आधीच गावाच्या नजरेत असतं. कोणी ‘बाहेरचं झालंय’ म्हणालं तर वाद नको. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर लिहून द्या. फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं.

धुऱ्यावरच्या बाभळी छाटल्यात, रस्त्यावर काटे आहेत. सोल्युशन, ठिगळं, पंप जवळ ठेवा. ठिगळ लावण्याआधी टायरच्या आतून बोट जपून फिरवून काटा काढा, नाहीतर पुढच्या वळणावर पुन्हा तेच.

शुक्रवारी संध्याकाळपर्यंत ग्रुपवर नाव टाका. तर्री-पोहे त्याच हिशेबानं होतील; ताटली आपापली आणा.