घरट्यांचे फोटो छापू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पानावर तुम्ही वाचकांनी काढलेले पक्ष्यांचे फोटो छापता, ते मी आवर्जून पाहतो. त्याच पानाबद्दल एक विनंती आहे.

माझा मूळ नाद गरीचा, म्हणजे गळ टाकून मासे धरण्याचा. वडिलांसोबत उमरेडजवळच्या मकरधोकडा तलावावर बसायचो. गरीला कणकेची गोळी, पाण्यावर मोरपिसाची दांडी, आणि ती बुडायची वाट पाहत तीन-तीन तास गप्प. समोर आणखी एक मासेमार असायचा, काळापांढरा कवड्या खंड्या. पाण्यावर एकाच जागी पंख फडफडवत थांबायचा. पंख भिरभिरताहेत, पण डोकं मात्र खिळ्याला टांगल्यासारखं स्थिर. मग एकदम दगडासारखा खाली. त्याच्याकडे पाहण्याच्या नादात माझी दांडी बुडालेलीही कळायची नाही.

2016 मध्ये नागपुरातल्या बर्डीच्या बाजारातून जुना कॅमेरा आणि 300 मिलिमीटरची लेन्स घेतली, ती त्याच्यासाठीच. पहिला हिवाळा नुसत्या धूसर रेघा मिळाल्या. शटर सेकंदाच्या दोन हजाराव्या भागावर नेलं, तेव्हा कुठे पीस न् पीस सुटं दिसलं. घरी फोटो मोठा करून पाहिला तर नराच्या छातीवर दोन काळे पट्टे, मादीच्या एकच, तोही मधे तुटलेला. वीस वर्षं पाहत होतो, पण हे दिसलं नव्हतं. गरी सुटली ती तेव्हापासून.

हा पक्षी काठाच्या मातीत आडवं बीळ कोरून अंडी घालतो. गेल्या मार्चमध्ये अशा एका बिळापासून दहा पावलांवर पाच-सहा जण कॅमेरे लावून बसले होते. मादी चोचीत मासा घेऊन आली. माशाचं डोकं बाहेरच्या बाजूला होतं, म्हणजे तो पिलांसाठी होता. स्वतः खायचा मासा खंड्या डोकं आत घेऊन धरतो. ती बिळापर्यंत यायची आणि वळून जायची. असा तासभर गेला. मी विनवलं तर उत्तर मिळालं, "काका, असा फोटो पेपरात लगेच लागतो." शेवटी ऊन चढलं, मंडळी गेली, मी दूर बाभळीखाली सरकलो. पाच मिनिटांत ती आत शिरली.

हौशी मंडळींना ठाऊक नसेल, पण 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पक्ष्यांच्या घरट्यांना, अंड्यांना त्रास देणं शिकारीच्या व्याख्येतच येतं. मीही सुरुवातीला एका बिळाच्या फार जवळ गेलो होतो. त्या वर्षी तिथून पिलांचा आवाज आला नाही. कारण मीच होतो की आणखी काही, सांगता येत नाही, पण ते बीळ अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

म्हणून विनंती, घरट्यांचे, अंड्यांचे, पिलांना भरवतानाचे फोटो कितीही देखणे असले तरी छापू नका. तसं त्याच पानावर चौकटीत जाहीर करा, आणि शक्यतो फेब्रुवारीच्या आधी करा, कारण तेव्हा खंड्या बिळं कोरायला लागलेला असतो.

एक निवृत्त शिक्षक,
नंदनवन, नागपूर